विजेची गिटार आणि घरातली शांतता

दहावीचा निकाल लागला की पूर्वी सायकल मागायची पद्धत होती. मग मोबाइल आला, लॅपटॉप आला, आणि त्याही मागण्यांना आपण सरावलो. 'अभ्यासाला लागतो' एवढं वाक्य पोरांनी टाकलं की आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो. इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिला अभ्यासाचं कुठलंच कारण चिकटवता येत नाही. पोरं तसा प्रयत्नही करत नाहीत, नुसतं 'पाहिजे' म्हणतात, आणि तिथेच आपण हादरतो.

माझ्या घरी ही मागणी येऊन गेली आहे. लेकीची होती. मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. पण ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे ती वाजते कशी एवढं कळतं. तेवढ्या भांडवलावर स्टाफरूममध्ये आणि सोसायटीच्या जिन्यात मला सल्ला विचारला जातो. तोच जरा सविस्तर सांगते.

पहिली धास्ती आवाजाची. 'पेटी चालली असती, तबलाही चालला असता, पण हे कानठळ्या बसवणारं कशाला?' पालकहो, वायर लावली नाही तर इलेक्ट्रिक गिटारइतकं गरीब वाद्य दुसरं नाही. साध्या गिटारचं पोट पोकळ असतं. तार हलली की वरची पातळ फळी हलते, ती हवा हलवते आणि आवाज घरभर जातो. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं, ते कशाला हलतंय! शेजारच्या खोलीत मालिका बघणाऱ्या आजीला पत्ताही लागत नाही. तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. त्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत किंचितशी वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं हे तत्त्व. आपल्या सायकलचा डायनॅमोही त्यावरच चालायचा. ती क्षीण वीज अॅम्पमध्ये वाढवून स्पीकरला दिली की मग काय तो धुमाकूळ. म्हणजे धुमाकूळ अॅम्पमध्ये आहे, आणि घरी वापरायच्या बहुतेक छोट्या अॅम्पला हेडफोन लावायची सोय असते. घेताना ती आहे ना, तेवढं बघा. पेटीला आणि सनईला अशी सोय अजून कोणी केलेली नाही.

दुसरं, आपलं सगळ्यांचं ठरलेलं वाक्य: 'आधी साधी शीक, जमली तर बघू.' ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात साध्या गिटारच्या तारा जाड आणि ताणलेल्या असतात, दाबायला जोर लागतो. इलेक्ट्रिकच्या सर्वांत बारीक तारेची जाडी साधारण पाव मिलिमीटरच्याही आत असते आणि तारा मानेला जास्त लगटून असतात. नवशिक्याच्या बोटांना तीच सोपी. ज्याला इलेक्ट्रिक हवी आहे त्याला सहा महिने साधी वाजवायला लावणं म्हणजे चित्रकला शिकायची असलेल्या मुलाला आधी भिंती रंगवून दाखव म्हणण्यापैकी आहे. आणि कुठलीही घेतलीत तरी दुकानातून उचलून थेट घरी आणू नका. जाणत्या माणसाकडून 'सेटअप' करून घ्या, म्हणजे तारांची उंची बसवून घ्या. उंच तारांपायी किती पोरांनी गिटार कपाटावर टाकली असेल! आपण त्याला 'आरंभशूर' म्हणून मोकळे होतो, आणि दोष असतो दोन स्क्रूंचा.

तिसरी हरकत संस्कृतीची. आमच्या जिन्यातल्या काकांनी एकदा मला ऐकवलं, 'आपल्यात हे नव्हतं.' होतं की! पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार लॉस एंजेलिसमध्ये १९३२च्या सुमाराला बाजारात आली. जॉर्ज बोशांप आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर या जोडगोळीची. गोल अंग आणि लांब मान, त्यामुळे तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं. ती रॉकसाठी केलेलीच नव्हती. हवाईयन पद्धतीने मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी पट्टी घसरवत वाजवायची ती गिटार. आणि आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार घरोघर पोचली ती बऱ्याच अंशी याच रूपात: व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या सुरावटी वाजवल्या, त्यांच्या तबकड्या निघाल्या, रेडिओवर लागायच्या. म्हणजे नातीच्या आधी आजोबांनी इलेक्ट्रिक गिटार ऐकली, तीही कपाळाला आठी न घालता. 'दम मारो दम'मधली गिटार तुम्हाला आजही तोंडपाठ असेल. ती वाजवणारे भूपिंदर सिंग, पुढे ज्यांच्या गझला आपण डोळे मिटून ऐकल्या तेच. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पिढ्यान्‌पिढ्या बसले. १९८६ साली मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. तिथे केस झटकत उभे असलेले तरुण आज पन्नाशी ओलांडून गेले, आणि त्यातले काही नक्कीच सोसायट्यांचे सेक्रेटरी होऊन रात्री दहानंतर आवाज नको म्हणून नोटिसा लावत असणार.

मग उरतो तो 'फाटका' आवाज. साध्या सुरांबद्दल तक्रार नसते. पण पोरगं पायाखालचा पेडल दाबतं, गिटार गुरगुरायला लागते आणि स्वयंपाकघरातून हाक येते, 'अगं, स्पीकर गेला वाटतं!' स्पीकर गेलेला नसतो, पण हाक अगदीच चूक नाही. या आवाजाचा जन्म मोडतोडीतूनच झाला. लिंक रे नावाच्या वादकाने १९५८च्या 'रंबल'साठी अॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. त्या तुकड्यात एकही शब्द नाही, तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी तो वाजवायला नकार दिला होता. नुसत्या आवाजानेच पोरं बिघडतील अशी भीती. इंग्लंडमध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. आज तेच काम एक छोटा पेडल करतो: विजेच्या लहरीचे शेंडे छाटतो, त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि आवाज भरगच्च होतो. हे कानाला परकं वाटत असेल तर मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तार नुसती टेकली तर आवाज कोरडा येतो. म्हणून कारागीर ती घोडी घासून-घासून अशी करतो की तार तिला चाटत जाईल, आणि वर त्यात धागा सरकवून तो झणकार नेमका जुळवतात. स्वच्छ सुरात मुद्दाम खर आणायची आवड आपल्यालाही आहे. आपण तिला जवारी म्हणतो आणि मान डोलावतो, एवढंच. (हा मुद्दा काकांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, 'तंबोरा शर्टाची बटणं उघडी टाकून वाजवत नाहीत.' त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.)

आता मला सर्वांत आवडणारा भाग. इलेक्ट्रिक गिटार ज्यांनी घडवली त्यांतले बरेच जण उद्योगी, खटपटे, रेडिओ उघडून बसणारे होते. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५४ साली त्याने स्ट्रॅटोकास्टर आणली. जगात कुठेही इलेक्ट्रिक गिटारचं चित्र काढायला सांगा, बहुतेक जण तिचाच आकार काढतील. या गृहस्थाला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने ती दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने बनवली: मान अंगाला डिंकाने न चिकटवता स्क्रूंनी बसवलेली, खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा. लेस पॉलला वाजवता उत्तम येत होतं, पण १९४०च्या आसपास त्याने जे बनवलं ते म्हणजे चार इंच जाडीचा लाकडी ठोकळा आणि त्यावर तारा. लोकांना ते ध्यान पटेना. तेव्हा त्याने एक गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे भाग ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. ठोकळा तोच, आवाजही तोच, पण आता लोकांना ती गिटार वाटायला लागली. माणसं डोळ्यांनी ऐकतात, हे त्याला तेव्हाच कळलं असणार.

पण पालकांनी ज्याची गोष्ट वाचावी असा माणूस म्हणजे हॅरल्ड मे. लंडनचा, इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार, सरकारी नोकरीतला. मुलाला, ब्रायनला, फेंडर नाहीतर गिब्सन हवी होती. ती परवडत नव्हती. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही घरातली आहे. पुढे हॅरल्डने 'मोठा झालास की घे स्वतःच्या पैशांनी' असं न म्हणता 'आपण बनवू' म्हटलं. १९६३च्या ऑगस्टमध्ये बापलेकांनी काम सुरू केलं आणि पुढची दोनेक वर्षं ते चाललं. मानेसाठी लाकूड घेतलं ते शंभर वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. त्याला कीड लागलेली होती. भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. सूर लववायच्या दांडीखाली जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा बसवल्या, आणि दांडीच्या टोकाला विणायच्या सुईचा तुकडा. मानेवर खुणेचे पांढरे ठिपके लागतात. ते आईच्या बटणांच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे कापले. आईला विचारलं होतं की नाही, हे इतिहासाला ठाऊक.

ती गिटार म्हणजे 'रेड स्पेशल'. तो मुलगा म्हणजे 'क्वीन' बँडचा ब्रायन मे. पन्नासहून जास्त वर्षं तो मुख्यतः तीच गिटार वाजवत आला आहे, प्लास्टिकच्या पिकऐवजी सिक्स्पेन्सच्या नाण्याने. २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्याने ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं, तेही हिच्यावरच. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेत होता आपल्या पाचगणीत. तिथल्या सेंट पीटर्समध्ये मित्रांबरोबर त्याचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता आणि तो पियानो वाजवायचा. आपण पाचगणीला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन परत येतो.

मात्र ही गोष्ट इथे थांबवली तर ती फार गुळगुळीत होईल. मुलगा इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकीची पीएच.डी. करत होता आणि ती अर्धवट टाकून तो गिटारमागे गेला, तेव्हा याच हॅरल्डला ते अजिबात पटलं नाही. स्वतःच्या हाताने गिटार बनवून देणारा बाप! छंद म्हणून ठीक, पण शिक्षण सोडून? हॅरल्ड त्या क्षणी सदाशिव पेठेतला होता. पुढे ब्रायनने त्यांना न्यूयॉर्कला कार्यक्रमाला नेलं, तेही काँकॉर्ड विमानाने. त्या विमानाच्या उपकरणांवर वडिलांनी काम केलेलं होतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली गर्दी पाहून वडिलांना पोराचं काय चाललंय ते उमगलं. आणि २००७ साली, साठीला टेकलेल्या ब्रायनने ती राहिलेली पीएच.डी. पूर्ण केली. तेव्हा तुमच्या घरचं पोरगं हे उदाहरण देऊन 'मीपण नंतर करीन' म्हणालं तर त्याला वर्षांचा हिशेब करून दाखवा.

'पोट भरणार आहे का यावर?' हा प्रश्नही जुनाच. जॉन लेननला सांभाळणाऱ्या मिमी मावशीने त्याला नेमकं हेच सुनावलं होतं: गिटार ठीक आहे, पण त्यावर पोट भरणार नाही. पुढे लेननने तिचं ते वाक्य पाटीवर कोरून तिला भेट दिलं. माझं म्हणणं, मिमी मावशी चुकीचं बोलली नव्हती. बहुतेकांचं पोट गिटारवर भरत नाही. पण पोटासाठी आपण पोरांच्या दिवसाचे किती तास आधीच बांधून घेतले आहेत ते बघा. शाळा, क्लास, टेस्ट सिरीज, गुणांचा आलेख. त्यांच्या आयुष्यात गुण नसलेली गोष्ट आता जवळजवळ उरलेली नाही. गिटार तशी राहू शकते, पण आपणच तिला राहू देत नाही. गिटार आली की चौथ्या दिवशी आपण विचारतो, 'हिच्या परीक्षा असतात ना?' असतात. ग्रेड आहेत, सर्टिफिकेटं आहेत, लंडनचे परीक्षक आहेत. ज्या मुलाला त्या द्यायच्या आहेत त्याने जरूर द्याव्यात. पण मागणी त्याच्याकडून आली पाहिजे. आणि पाहुणे आल्यावर 'जरा वाजवून दाखव' तर अजिबात म्हणू नका. आमच्या लहानपणी आम्हाला पाढे म्हणायला लावायचे. त्या पाहुण्यांबद्दल आपलं मत आजही चांगलं नाही. गिटार शिकणारं मूल तीन महिने एकच तुकडा वाजवत बसतं, बहुधा 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात. मग पुढचा एक तुकडा. पूर्ण गाणं येतच नाही. पाहुण्यांसमोर हे लाजिरवाणं ठरतं, आणि एकट्याने खोलीत तेच दीड तास सुखाचं असतं.

मुली असतील तर काही घरांत आणखी एक भुवई वर जाते. त्यांना सिस्टर रोझेटा थार्प दाखवा. चर्चमधली भक्तिगीतं गाणारी ही बाई रॉक अँड रोलच्या आधीपासून इलेक्ट्रिक गिटार कडाडून वाजवत होती. १९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर, पावसाळी हवेत, अंगात लांब कोट आणि गळ्यात गिटार अशी ती उभी राहिली, त्याचं चित्रण आजही बघायला मिळतं. माझ्या सासूबाईंनी ते बघितलं. 'कोट छान आहे,' म्हणाल्या. आमच्या घरी ही परवानगी समजली जाते.

गिटारवाल्यांच्या जगातले काही चाळे आपल्या मध्यमवर्गी मनाला झेपणारे नाहीत, त्याची आधीच कल्पना देते. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकचं कव्हर घालणारी माणसं आपण. आणि तिकडे नवी कोरी गिटार कारखान्यातच घासून, रंग उडवून, पोचे पाडून 'जुनी' केली जाते आणि चांगल्या गिटारपेक्षा जास्त पैशांना विकली जाते. तिला 'रेलिक' म्हणतात. लेकीने मला तसा फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं, सेलमधला डॅमेज माल आहे. दुसरं म्हणजे लाकडावरून होणारे वाद. भरीव गिटारच्या आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर माणसं रात्र-रात्र भांडतात. पिकअप चुंबकीय असतो, त्याला पोलाद कळतं, लाकूड कळत नाही, असं मी फिजिक्सवाली म्हणून एकदा बोलले. लेकीच्या क्लासमधल्या एका मुलाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, तसं बोर्डाच्या परीक्षकानेही कधी पाहिलं नसेल.

थोडं कामाचं. गिटार, छोटा अॅम्प, वायर, पट्टा, पिक, एवढं मिळून दहा-पंधरा हजारांच्या घरात सुरुवात होते. त्याहून जास्त पहिल्या वर्षी घालू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, तारा गंजतात. वाजवून झाल्यावर फडक्याने पुसायची सवय लावा. आणि एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका: अर्थिंग. अॅम्पचा तीन पिनांचा प्लग तीन पिनांच्या सॉकेटमध्येच गेला पाहिजे. जाड पिन तोडून दोन पिनांत घुसवायची आपली जी कला आहे ती इथे जिवावर बेतू शकते, कारण गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि पोराचे दोन्ही हात तारांवर असतात. १९७२ साली लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक वेल्समधल्या स्वान्झीला स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. जुनी इमारत असेल तर गिटारच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. अॅम्पमधून थोडी गुणगुण येते ती निराळी. ती आपल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण, बहुतेक वेळा तारांवर हात ठेवला की बसते.

हे सगळं नीट पार पडलं की वर्षभरात दुसरी मागणी येईल: आणखी एक गिटार. आधीच्या गिटारमध्ये काय वाईट आहे, असं विचारू नका. काहीच वाईट नसतं. गिटारवाल्यांत एक जुना विनोद आहे की माणसाला किती गिटारी लागतात, तर आत्ता आहेत त्याहून एक जास्त. अशा वेळी मी ब्रायन मेचं नाव काढते. एवढा मोठा वादक, जन्मभर एका गिटारवर राहिला! यावर लेकीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बाबांना विचारत होती, आपल्या जुन्या दिवाणाचं लाकूड सागवानी आहे का, आणि करवत कुठे ठेवली आहे.